मोजणीकाकांचा आगगोळा

पुंडलिक त्रिभुवन कुणाच्या लग्नाला गेले की आधी मांडव मोजतात. पावलांनी. पंगतीत बसले की पंगत सरळ आहे का वाकडी, हे एक डोळा मिटून बघतात, आणि वाकडी असली तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. क्रांती चौकातल्या सिग्नलला स्कूटर थांबली की पुढच्या रिक्षापासून आपलं चाक किती फुटांवर आहे, ते मनातल्या मनात म्हणून घेतात. चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली. आधी साखळीनं मोजलं, मग टेपनं, शेवटी शेवटी मशीननं. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण जित्याची खोड ती, जाते कुठं? सगळं गणगोत त्यांना मोजणीकाका म्हणतं आणि त्यांना ते आवडतं.

नोकरीत त्यांचा एक नेम होता, आणि त्या नेमापायी ते अख्ख्या तालुक्यात ओळखले जायचे. मोजणीच्या दिवशी शेतात कुणाचंही पाणी प्यायचं नाही. अर्ज करणाऱ्याचं नाही, शेजारच्या बांधवाल्याचंही नाही. चहा तर दूरच. फडकं गुंडाळलेली स्वतःची बाटली सायकलला लटकवलेली असायची, तेवढंच पाणी. ह्याचा चहा प्याला की तो म्हणणार, मोजणीवाला फितला. वैशाखाच्या उन्हात जीभ टाळ्याला चिकटली तरी काकांनी नेम मोडला नाही. लोक हसायचे, पण त्यांनी रोवलेला दगड कुणी उपटत नसे, हेही खरं.

तर अशा ह्या माणसाला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जादूगार व्हायची पाळी आली. त्याचं असं झालं.

त्यांची पुतणी रत्नमाला उस्मानपुऱ्यात राहते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. दर रविवारी सकाळी तिच्या हॉलमध्ये एक खेळ चालतो. खेळ चालवणारी तिची मैत्रीण यास्मिन, शाळेत चित्रकला शिकवते. टेबलावर चौकटीचा मोठा कागद पसरायचा, एक चौकोन म्हणजे पाच फूट जमीन. यास्मिन त्यावर भुयारं, किल्ले, बाजार काढते आणि गोष्ट सांगायला लागते. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कुणी ढालवाला, कुणी वैद्य, कुणी जादूगार. माणसानं काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि ते जमलं का फसलं ते फासे ठरवणार. जिंकणं-हरणं असं काही नसतं. गोष्ट पुढं जात राहते, महिनोन्‌महिने.

हे सगळं ठीक चाललं होतं, पण एका गोष्टीवरून दर रविवारी तंटा व्हायचा. ती म्हणजे आगगोळा.

एका माणसाला बाण मारला तर तो एकालाच लागतो, त्यात वाद नाही. पण काही मंत्र असे असतात की ते माणसाला लागत नाहीत, जागेला लागतात. जादूगार म्हणतो, "ह्या ठिपक्यावर." तिथं आग फुटते आणि वीस फुटांच्या आत जो कुणी उभा असेल तो भाजतो. ज्याच्या-त्याच्या नावानं वीस बाजूंचा फासा टाकायचा. चपळाई जमली तर अर्धं भाजणार, नाही जमली तर पूर्ण. दुसरा एक मंत्र झोताचा, हातापाशी अरुंद आणि पुढं रुंद होत जाणारा. तिसरा विजेचा, सरळ रेघेत जाणारा. आता कागदावर चौकोन, आणि आग गोल. काठावरचा चौकोन आत धरायचा का बाहेर? अर्धा आत असला तर? शत्रूंच्या बाजूनं खेळणारी यास्मिन म्हणायची बाहेर, बाकीचे म्हणायचे आत. आणि आपलाच गडी काठावर असला की सगळे नेमके उलट बोलायचे.

शेवटी रत्नमालानं काकांना फोन केला. "काका, आमच्यात दर रविवारी हद्दीचं भांडण आहे. येऊन एकदा मोजून द्या ना."

काकांना खेळ कळला नव्हता, पण हद्दीचं भांडण म्हटल्यावर ते स्कूटरला किक मारून निघालेसुद्धा. ओळंब्याची दोरी घेऊन गेले. तिला दर चौकोनाच्या मापानं गाठी मारल्या आणि ठिपक्यावर बोट रोवून दोरी फिरवली. चौकोनाचा मध्य दोरीच्या आत आला तर चौकोन आत, नाहीतर बाहेर. भांडण मिटलं. यास्मिन म्हणाली, "काका, आप आतेच रहो," आणि तिनं जादूगाराचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं तर काकांनी डोकं खाजवून सांगितलं, नकाशे गुरुजी. सोंगटी म्हणून खिशातला छोटा पितळी ओळंबा ठेवला.

नकाशे गुरुजींएवढा सावध जादूगार कुणी बघितला नसेल. आगगोळा टाकायच्या आधी दोरी दोनदा फिरवणार. आपला गडी काठावर असला तर त्याला आधी सांगणार, बाबा रे, दोन चौकोन मागं सर. पहिल्याच दिवशी यास्मिननं सांगून ठेवलं होतं, "आग कू अपना-पराया नई मालूम, काका." ते काकांनी वहीत लिहून घेतलं. आणि नेम तोच ठेवला. लढाई लागली आणि दोरी टेबलावर आली की चहा नाही, पाणी नाही. सगळ्यांसाठी चहा यायचा, काकांचा थर्मासमध्ये भरून ठेवला जायचा. लढाई कधीकधी तीन तास चालायची. रत्नमाला म्हणायची, "काका, इथं कोण म्हणणार आहे तुम्ही फितलात?" काका म्हणायचे, "नेम तो नेम."

आता खरी गोष्ट. त्या हॉलमध्ये खिडकीपाशी एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीत रत्नमालाचे वडील बसलेले असायचे. कचरू त्रिभुवन. एसटीत ड्रायव्हर होते, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लेकीकडं राहायला आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मोजणीकाकांचे ते सख्खे थोरले भाऊ, आणि नऊ वर्षं दोघांत अवाक्षर नव्हतं.

कारण जमिनीचंच. वैजापूरकडं गावाला अण्णांची दीड एकर. शेजारी अप्पाराव. अप्पारावानं मोजणीचा अर्ज केला. कचेरीतल्या सगळ्यांनी काकांना सांगितलं, सख्ख्या भावाचं शेत आहे, दुसऱ्याच्या हातात दे. पण काकांची मान ताठ. म्हणाले, मी अंग काढलं तर लोक म्हणतील भावासाठी पळाला. स्वतः गेले, दिवसभर मोजलं, आणि हद्द निघाली ती अण्णांच्या विहिरीच्या अलीकडून. सहा फूट अलीकडून. जुना बांध कधीकाळी सरकलेला होता. विहीर अप्पारावाकडं गेली. अण्णांनी नोकरी लागायच्या आधी ती विहीर स्वतःच्या हातानं खणलेली होती. काकांनी दगड रोवले, सह्या घेतल्या, सामान आवरलं. अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर उभे होते. काकांनी नुसती मान हलवली, बाटलीतले दोन घोट प्याले आणि निघून गेले.

त्यानंतर अण्णा बोलायचे बंद झाले. काकांनी मनाशी पक्कं धरलं की सहा फूट सोडले नाहीत म्हणून दादा रुसलाय. आणि त्यांचंही खरंच होतं की माप चोख होतं. चोख मापाची माफी कशी मागायची? म्हणून तेही बोलायचे बंद झाले. दोन म्हाताऱ्यांचा हट्ट, दुसरं काय. वहिनी गेली तेव्हा काका मातीला आले, चार खांद्यांतला एक खांदा त्यांचा होता, तरी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि आता दर रविवारी एकाच हॉलमध्ये. पहिले दोन महिने अण्णा खिडकीबाहेर बघत बसायचे. मग हळूहळू खुर्ची टेबलाकडं सरकायला लागली. एके दिवशी यास्मिननं न विचारताच त्यांच्यापुढं ढालवाल्याचा कागद ठेवला. अण्णांनी चष्मा लावून तो वाचला, नाव लिहिलं सुभान्या, आणि खिशातून एक जुना नट काढून सोंगटी म्हणून ठेवला. गाडीचा असावा. सुभान्या असा ढालवाला निघाला की कुणाच्या बापाला ऐकेना. कुठं अडलं की हाच पुढं.

दोघं भाऊ बोलायला लागले. पण कसे, तर असे.

अण्णा म्हणायचे, "सुभान्या म्हणतोय, नकाशे गुरुजींना म्हणावं डावीकडच्या दारावर नजर ठेवा."

काका म्हणायचे, "गुरुजी म्हणतात, ठेवली आहे. सुभान्याला म्हणावं, ढाल वर घे."

सुभान्या आणि गुरुजी जिवाभावाचे दोस्त झाले. एकदा पुरात गुरुजी वाहून चालले तर सुभान्यानं ढाल टाकून उडी घेतली. खेळ संपला की अण्णा आपले उठून आत जायचे, काका चप्पल घालायचे, आणि पुन्हा अळीमिळी गुपचिळी. रत्नमाला दारात उभी राहून एकदा ह्याच्याकडं आणि एकदा त्याच्याकडं बघायची. तिनं काकांना दोरी घेऊन नेमकं कशासाठी बोलावलं होतं, हे यास्मिनला ठाऊक होतं. काकांनाही पुढं पुढं कळलं असणार. अकरा महिने हे असं चाललं, आणि रत्नमालाला आता भीती वाटायला लागली होती की ह्यापुढं काही जाणार नाही. खेळात बोलतात, तेवढंच तिच्या पदरात.

त्या रविवारी यास्मिननं शहराखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीसारखं एक भुयार काढलं होतं. वाकून चालत सगळे एका लांबरुंद दालनात आले. मध्ये कोरडा हौद, आणि त्या हौदातून चिखलाची भुतं वर यायला लागली. भुतं म्हणजे चिंचोके. अकरा चिंचोके यास्मिननं एकेक करून मांडले. रत्नमालाची वैद्यीण मागं पायऱ्यांवर, नकाशे गुरुजी तिच्या शेजारी, आणि सुभान्या एकटा हौदाच्या काठावर, भुतांच्या घोळक्यात. त्याच्या अंगातला जीव पासष्टावरून सव्वीसवर आलेला.

काकांनी दोरी काढली. हौदाच्या मध्यावर बोट रोवलं, दोरी फिरवली. अकराच्या अकरा चिंचोके आत. सुभान्याही आत. काका म्हणाले, "गुरुजी म्हणतात, सुभान्यानं मागं, मध्यापासून सहाव्या चौकोनावर यावं. हौदाच्या मध्यापासून तीस फूट होतात. आग वीसची आहे. दहा फूट निर्धोक जागा."

अण्णांनी नट उचलला. मागं सरायचं म्हणजे भुतांना पाठ दाखवायची, आणि सुभान्यानं आजवर कुणाला पाठ दाखवली नव्हती. अण्णांनी मध्यापासून एक, दोन, तीन असे सहा चौकोन मोजले आणि नट ठेवला.

"सुभान्या आला," ते म्हणाले. "गुरुजींच्या शब्दावर."

काकांनी मंत्र सोडला. आग हौदावर फुटली, असं यास्मिननं सांगितलं, आणि मग ती थांबली. नकाशाच्या कोपऱ्यावर तिचं बोट होतं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, छत दहा फूट.

"काका," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी बोली थी ना मैं. आग पूरी गोल रहती. वरपण वीस फूट. छत लागली तर वरची आग कुठं जाणार? बाजूला. जितनी जगह भरती थी उतनी भरेगीच."

अकरा महिन्यांतल्या सगळ्या लढाया उघड्यावर झालेल्या. माळावर, बाजारात, किल्ल्याच्या मैदानात. वर आभाळ मोकळं, त्यामुळं हा नियम पुन्हा कधी निघालाच नव्हता. आणि काकांच्या चौतीस वर्षांत जमिनीला लांबी होती, रुंदी होती. उंची नावाची गोष्ट त्यांच्या कुठल्याच नकाशात नव्हती.

"मग आता कुठवर जाते?" रत्नमालानं विचारलं.

"हिसाब मुझे नई आता," यास्मिन म्हणाली. "काका जो बोलेंगे, मैं मान लेती."

काकांनी वही ओढली. वीस फूट त्रिज्येच्या गोलात साडेतेहतीस हजार घनफूट आग. दहा फूट उंचीनं भागली की तीन हजार तीनशे पन्नास चौरस फूट. म्हणजे त्रिज्या साडेबत्तीस, कणभर जास्तच. पेन्सिल तिथंच थांबली. नट तीसवर उभा होता. अडीच फुटांनी आत.

त्या टेबलावर हे गणित तपासू शकेल असं कुणी नव्हतं. अठ्ठावीस म्हटलं असतं तरी यास्मिननं मान डोलावली असती, लढाई संपली असती, सुभान्या वाचला असता. काकांच्या मनात ते आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दोनदा आलं. नऊ वर्षांपूर्वी सहा फूट सोडले नाहीत, आज अडीच सोडले तर कुणाचं काय जातं? त्यांनी वर बघितलं. अण्णा त्यांच्याकडंच बघत होते. सुभान्या बघत नव्हता, कचरू त्रिभुवन बघत होते.

"साडेबत्तीस," काका म्हणाले. "सुभान्या आत आहे."

पुढचं काका नकाशे गुरुजींच्या तोंडून बोलले नाहीत.

"दादा, मी चुकलो. तुला ये म्हणालो, निर्धोक आहे म्हणालो. मी सपाट मोजलं. वर छत आहे हे धरलंच नाही."

अण्णांनी नट बोटात घेतला आणि फिरवत राहिले. मग म्हणाले, "सपाटच मोजतोस तू, पुंड्या. तवाबी सपाटच मोजलं होतंस."

नऊ वर्षांनी पुंड्या ऐकून काकांना काय झालं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण स्वभाव कुठं जातो? म्हणाले, "तेव्हाची मोजणी बरोबर होती, दादा."

"बरोबरच व्हती. म्या कवा म्हनलं चुकली व्हती? बांध सरकलेला मला दिसत नव्हता व्हय? आपल्या आज्यानंच सरकवला आसंल." अण्णा थांबले. "अठ्ठेचाळीस फूट खणली ती. मी खाली, तुझी वहिनी वर टोपलं ओढायला. बावीस फुटावर पहिला झरा लागला तर ती रडायला लागली. तुझ्या नकाशात तेवढा एक ठिपका. आसू दे, ठिपका त ठिपका. सह्या झाल्या, दगड रोवले, तुझं काम संपलं. म्या तांब्या भरून आणला. आपल्या विहिरीचं आपलं म्हणून ते शेवटचं पाणी व्हतं रे. उद्यापासून अप्पारावाचं. म्हनलं, पुंड्यानं घोटभर प्यावं. तू बाटलीतलं पिऊन गेलास."

काकांना वाटत होतं दादाला सहा फूट जमीन हवी होती. नऊ वर्षं वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले, आणि पुसूनही त्यांना नीट दिसेना.

दोरी अजून कागदावर पसरलेली होती. लढाई चालू होती. आग हवेत होती.

"दादा," काका म्हणाले, "पाणी दे."

रत्नमाला चटकन उठायला लागली. "तू बस," अण्णा म्हणाले. टेबलाला हात टेकून स्वतः उठले, दुखऱ्या गुडघ्यानं एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजली. तांब्या भरून घेऊन आले आणि भावापुढं उभे राहिले, जसे बांधावर उभे होते तसेच. काकांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि वरून धार धरून सगळा प्याले. थोडं सदऱ्यावर सांडलं.

"कसं हाय?" अण्णांनी विचारलं.

"गोड आहे."

"जारचं हाय," अण्णा खाली बसत म्हणाले. "टाक आता फासे. मधीच थांबू नको."

आधी अण्णांनी चपळाईचा फासा टाकला. चार पडले. काही उपयोग नव्हता. मग काकांनी भाजण्याचे आठ फासे ओंजळीत घेतले आणि टाकले. बेरीज एकतीस. अकरा भुतं जळून गेली. सुभान्याच्या अंगात सव्वीस होते. अण्णांनी स्वतःच्या हातानं नट आडवा केला.

यास्मिननं सांगितलं की सुभान्या अजून मेला नाही, पडलाय, वैद्यिणीनं तीन पाळ्यांच्या आत गाठलं तर उठेल. पाळी रत्नमालाची होती. तिनं आपली सोंगटी उचलली, पण तिला चौकोनच दिसत नव्हते, डोळे भरून आले होते.

"रत्ने, आधी चहा ठेव," अण्णा म्हणाले. "थर्मास काढू नको. पुंड्याचा बी कपातच आण. सुभान्या थांबतो तवर."